पॉवर कुठे हवी?

यामाहा आरएक्स १०० चा ब्लॉक उतरवून टेबलावर ठेवला की पहिल्यांदा बघणाऱ्याला नवल वाटतं. ज्या गाडीच्या पिकअपच्या गोष्टी ऐकत दोन पिढ्या वाढल्या, तिच्या इंजिनाच्या या मुख्य भागात हलणारं काहीच नसतं. बाहेरून थंड होण्यासाठी पंख, आत ५० मिलिमीटर व्यासाचा गुळगुळीत बोअर, आणि बोअरच्या भिंतीत ठरावीक उंचीवर पाडलेली भोकं. समोरचं मोठं भोक एग्झॉस्टचं. दोन्ही अंगांना ट्रान्सफरची, म्हणजे खालच्या क्रँककेसमधलं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण वर आणणारी. मागे इनटेक, तिथे रीड व्हॉल्व्हची, म्हणजे मिश्रण एकाच दिशेनं आत सोडणाऱ्या पातळ पाकळ्यांची, पेटी बसते. एवढंच. कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही, उघडझाप करणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये बसवलेले नाहीत.

मग जळालेला वायू कधी सोडायचा आणि ताजं मिश्रण कधी घ्यायचं हे ठरवतं कोण? पिस्टनच ठरवतो, तेही नुसता वर-खाली जाता जाता. खाली उतरताना पिस्टनची वरची कड एग्झॉस्टच्या वरच्या काठाखाली गेली की एग्झॉस्ट उघडला. वर चढताना ती कड पुन्हा त्या काठाशी आली की बंद झाला. ट्रान्सफरचंही तसंच, फक्त त्यांचा काठ थोडा खाली असल्यामुळे ते थोडे उशिरा उघडतात आणि थोडे आधी मिटतात. म्हणजे या इंजिनाचं सगळं वेळापत्रक भिंतीतल्या काठांच्या उंचीत आखलेलं आहे. इथे उंची म्हणजेच वेळ. कानस किंवा हातातला ग्राइंडर घेऊन एग्झॉस्टचा काठ वर सरकवणारा मेकॅनिक धातू काढत असतो, पण बदलत असते वेळ.

जुन्या गाडीचं इंजिन ‘बनवून’ घ्यायला येणारा बहुतेक जण एकच विचारतो, किती वाढेल? माझं म्हणणं असं की हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, कुठे हवी? आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकमध्ये पॉवर बहुतेक वेळा वाढत नाही, सरकते. एका आरपीएमवरून उचलून दुसऱ्या आरपीएमवर नेऊन ठेवता येते, आणि जिथून उचलली तिथे खड्डा पडतो. हे नुसतं ऐकून पटत नाही, म्हणून आकडे घेऊन बसू.

आरएक्स १०० भारतात १९८५ मध्ये आली, एस्कॉर्ट्स आणि यामाहाच्या सहकार्यातून, आणि १९९६ पर्यंत बनत राहिली. बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५० मिलिमीटर, म्हणून ९८ सीसी. कंपनीचा दावा ७,५०० आरपीएमला ११ हॉर्सपॉवर. गाडीचं वजन शंभर किलोच्या आसपास. तो ७,५०० आरपीएम जरा उलगडून बघा. सेकंदाला १२५ फेऱ्या. एक फेरी ८ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांपैकी आठांत, संपते. रस्त्यावरच्या टू-स्ट्रोकला साधारण शोभतील असे आकडे धरू: फेरीच्या ३६० अंशांपैकी एग्झॉस्ट १८० अंश उघडा, ट्रान्सफर १२० अंश. मग ७,५०० आरपीएमला एग्झॉस्ट ४ मिलिसेकंद उघडा राहतो आणि ट्रान्सफर पावणेतीन मिलिसेकंदांनाही थोडा कमी. एवढ्यात जुना वायू बाहेर, नवा आत, आणि दार बंद. सेकंदाला सव्वाशे वेळा.

यात सगळ्यात नाजूक तुकडा आहे तो एग्झॉस्ट उघडल्यापासून ट्रान्सफर उघडेपर्यंतचा. आपल्या हिशेबात तो ३० अंशांचा आहे. दादरला लोकल थांबल्यावर उतरणारे आधी उतरले तरच चढणाऱ्यांना आत पाय टाकता येतो. तसा सिलिंडरमधला दाब या ३० अंशांत उतरून जावा लागतो. तो उतरण्याआधी ट्रान्सफर उघडले तर क्रँककेसमधलं मिश्रण वर येण्याऐवजी जळालेला वायूच खाली घुसतो. ७,५०० आरपीएमला या ३० अंशांसाठी ०.६७ मिलिसेकंद मिळतात. ९,००० आरपीएमला फेरीच मुळी ६.६७ मिलिसेकंदांची, म्हणून तेच ३० अंश ०.५६ मिलिसेकंदांत संपतात. दाब उतरायला सवड पुरत नाही, सिलिंडर नीट भरत नाही, आणि गाडी ‘वर दमते’. मूळ आरएक्सचा दम ७,५०० च्या पुढे का सुटतो, याचं एक मोठं कारण इथे आहे.

आता एग्झॉस्टचा काठ २ मिलिमीटर वर घ्या. स्ट्रोक ५० मिलिमीटर असला की त्या उंचीवर पिस्टन १ मिलिमीटर सरकायला क्रँक सुमारे सव्वादोन अंश फिरतो. म्हणून २ मिलिमीटर म्हणजे उघडताना साडेचार अंश आधी आणि मिटताना साडेचार अंश उशिरा. एकूण उघडा काळ १८० वरून १८९ अंशांवर. दाब उतरायचा तुकडा ३० वरून साडेचौतीस अंशांवर गेला. ९,००० आरपीएमला त्याचे होतात ०.६४ मिलिसेकंद. म्हणजे ७,५०० ला जेवढी सवड होती, जवळपास तेवढीच आता ९,००० ला मिळाली. बाकी सगळं जुळून आलं आणि सिलिंडर ९,००० लाही पूर्वीइतकाच भरला, तर टॉर्क तोच राहून फेऱ्या वीस टक्के वाढल्या, म्हणून पॉवरही वीस टक्के वाढली. अकराचे सव्वातेरा हॉर्सपॉवर. ही वाढ खरी आहे, थापा नाहीत. पण ती ९,००० आरपीएमवर आहे.

आणि ३,००० वर काय झालं? मूळ ब्लॉकमध्ये वर चढणारा पिस्टन एग्झॉस्ट मिटवतो तेव्हा त्याला माथ्यापर्यंत सुमारे २८ मिलिमीटर जायचं असतं. ५० मिलिमीटरच्या स्ट्रोकपैकी खऱ्या अर्थानं मिश्रण कोंडून दाबणारे हेच २८. काठ २ मिलिमीटर वर गेला की उरतात २६. सावकाश फिरणाऱ्या इंजिनात पिस्टन वर येताना ताजं मिश्रण उघड्या एग्झॉस्टमधून ढकलत राहतो, कारण तिथे वेळ भरपूर असतो. ३,००० आरपीएमला एग्झॉस्ट १० मिलिसेकंद उघडा असतो. त्यामुळे कोंडलं जाणारं मिश्रण सात-आठ टक्के घटलं आणि दाबही घटला. सिग्नलवरून निघताना, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये, मागे माणूस बसलेला असताना जी ओढ लागते ती याच मिश्रणातून येते. शिवाय वाया गेलेलं पेट्रोल ॲव्हरेजमधून कापलं जातं ते वेगळंच. एकाच कानशीनं दोन्ही गोष्टी केल्या. वेगवेगळ्या करता येत नाहीत, कारण काठ एकच आहे.

इथे एक शंका निघते, आणि ती योग्य आहे. एग्झॉस्ट इतका वेळ उघडा राहून मिश्रण बाहेर सांडत असेल, तर वरच्या आरपीएमलाही ते सांडायला हवं. मग रेसच्या टू-स्ट्रोकमधून एवढी ताकद निघते कशी? याचं उत्तर ब्लॉकमध्ये नाही. ते सायलेन्सरमध्ये आहे, आणि ते ज्यानं चिकाटीनं शोधलं त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

वाल्टर काडेन हा जर्मन इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धात पेनेम्युंडला, जर्मनीच्या रॉकेट केंद्रावर काम केलेला. युद्धानंतर डीकेडब्ल्यूचा त्शोपाउ इथला जुना कारखाना पूर्व जर्मनीत गेला आणि पुढे एमझेड नावानं ओळखला जाऊ लागला. १९५३ पासून तिथला रेसिंग विभाग काडेनकडे आला. पैसा कमी, सामान कमी, माणसं मोजकी. फुगीर पोटाच्या एग्झॉस्ट पाइपची कल्पना त्याच्या आधी डीकेडब्ल्यूच्या एरिख वोल्फनं रेसच्या गाड्यांवर वापरली होती. काडेननं त्या पाइपमध्ये नेमकं काय चालतं ते ऑसिलोस्कोपवर बघायला घेतलं. पाइपमधल्या दाबाच्या लाटा पडद्यावर बघायच्या, पत्रा कापायचा, जोडायचा, पुन्हा बघायच्या. रोटरी डिस्क व्हॉल्व्ह, जादा ट्रान्सफर आणि हा पाइप यांची सांगड घालत १९६१ पर्यंत त्यानं १२५ सीसीच्या एका सिलिंडरमधून १०,८०० आरपीएमला २५ हॉर्सपॉवर काढले. लिटरला २००. सुपरचार्जरशिवाय हा आकडा त्याआधी कोणत्याही इंजिनानं गाठला नव्हता. आपल्या आरएक्सचा हिशेब लिटरला ११० च्या थोडा वर येतो, म्हणजे काडेन कुठे पोचला होता ते लक्षात येईल. त्याच वर्षी स्वीडनच्या ग्रां प्रीच्या वेळी एमझेडचा रेसर एर्न्स्ट डेग्नर पूर्व जर्मनी सोडून निघून गेला, सुझुकीला जाऊन मिळाला, आणि १९६२ मध्ये सुझुकीवर ५० सीसीचं जागतिक अजिंक्यपद जिंकला. काडेनची विद्या जपानला पोचली ती अशी. काडेन स्वतः त्शोपाउलाच राहिला. मला या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो. टंचाईत बसून त्यानं जे पाहिलं, त्यावर पुढची कित्येक वर्षं सगळ्या टू-स्ट्रोक रेसिंगची उभारणी झाली.

त्यानं पाहिलं ते असं. एग्झॉस्ट उघडताच दाबाची एक लाट पाइपमध्ये शिरते. तापलेल्या वायूत तिचा वेग सेकंदाला साधारण ५०० मीटर. पाइप हळूहळू रुंद होत जातो तिथून एक ओढ घेणारी लाट उलट सिलिंडरकडे येते आणि उरलेला जुना वायू खेचून काढते. इतकी खेचते की मागोमाग थोडं ताजं मिश्रणही पाइपमध्ये उतरतं. मूळ लाट पुढे जाऊन अरुंद होत जाणाऱ्या मागच्या कोनावर आदळते आणि दाब घेऊन परतते. ती परतलेली लाट एग्झॉस्ट मिटायच्या जरा आधी पोचली, तर पाइपमध्ये उतरलेलं ताजं मिश्रण ती पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते, आणि लगेच पिस्टन काठ मिटवतो. सांडलेलं परत आत. कधीकधी सिलिंडरच्या मापापेक्षाही जास्त.

हे सगळं ‘जरा आधी पोचली तर’ या शब्दांवर टेकलेलं आहे. ७,५०० आरपीएमला एग्झॉस्ट ४ मिलिसेकंद उघडा. तेवढ्यात लाट २ मीटर जाते, म्हणजे जाऊन-येऊन अंतर २ मीटर, म्हणजे पिस्टनपासून मागच्या कोनाच्या मध्यापर्यंत सुमारे १ मीटर. काठ उचलून आपण ९,००० वर गेलो की उघडा काळ ३.५ मिलिसेकंद, लाट पावणेदोन मीटर, पाइप ८७-८८ सेंटिमीटर. ब्लॉकमधले २ मिलिमीटर पाइपमधले १२ सेंटिमीटर कापायला लावतात. म्हणून नुसता ब्लॉक घासून जुना सायलेन्सर लावणारा, किंवा ब्लॉक तसाच ठेवून तयार मिळणारा ‘रेसिंग पाइप’ चढवणारा, दोघेही अर्धंच काम करतात. आणि सायलेन्सरमधली जाळी, नळ्या काढून टाकून आवाज वाढवणारा तर हातातलं घालवतो. लाट कशावर आदळून परत यायची तेच त्यानं मोडलेलं असतं. गाडी ओरडते आणि मागे पडते. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा प्रश्न आहेच. असे सायलेन्सर पोलिसांनी रोड रोलरखाली चिरडल्याचे फोटो महाराष्ट्रातल्या शहरांतून नेहमी छापून येतात. ज्याला मोकळ्या पाइपची गाडी पळवायची त्यानं ती ट्रॅकवर पळवावी, हे मी कायद्याच्या भीतीनं म्हणत नाही. त्या आवाजात घरी झोपलेली माणसंही असतात.

तर पाइपनं सांडलेलं परत दिलं. पण तेवढ्याच एका टप्प्यात. ८७ सेंटिमीटरचा पाइप लावलेली गाडी ५,००० वर चालवा. एग्झॉस्ट सव्वासहा मिलिसेकंद उघडा, आणि दाबाची लाट साडेतीन मिलिसेकंदांतच परत. दार अजून सताड उघडं. ती लाट आत येणाऱ्या मिश्रणाला अडवते, जळालेला वायू मागे ढकलते आणि निघून जाते. नंतर उरलेल्या वेळात मिश्रण सांडतं ते सांडतंच. जो पाइप वर मदत करतो तोच खाली आडवा येतो. पोर्ट आणि पाइप जितके एकमेकांशी घट्ट जुळवाल तितका वरचा टप्पा उंच होतो आणि तितकाच अरुंद.

अरुंद टप्प्याची किंमत किती असते हे बघायचं असेल तर १९६० च्या दशकातल्या छोट्या रेसिंग गाड्या बघाव्यात. १९६७ च्या सुझुकीच्या ५० सीसी रेसिंग गाडीला १४ गिअर होते. चौदा! इंजिन एका बारीक पट्टीतच जिवंत असायचं, म्हणून रेसरला सतत गिअर बदलत त्या पट्टीत राहावं लागायचं. आपल्या आरएक्सला गिअर चार. समजा एका गिअरमधून पुढच्यात जाताना आरपीएम एक तृतीयांश उतरतो. ९,००० ला गिअर टाकला की इंजिन ६,००० वर येऊन पडतं. नव्या पाइपची जादू ७,५०० ला सुरू होत असेल, तर मधले दीड हजार आरपीएम गाडी रांगत काढते. मूळ इंजिन ६,००० ला छान ओढत होतं, कारण कंपनीनं जास्तीत जास्त टॉर्क ६,५०० ला ठेवला होता, आणि तो चार गिअरशी मोजून ठेवला होता. गिअरबॉक्स, पोर्ट आणि पाइप ही एकाच निर्णयाची तीन टोकं आहेत. एक ओढलं की बाकीची दोन हलतात.

बुलेटवाल्यांनाही हाच प्रश्न येतो, फक्त त्यांचं वेळापत्रक कॅमवर असतं. ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकच्या जुन्या ३५० ला जास्त वेळ व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा कॅम घातला की वरची ताकद थोडी वाढते आणि खालची ती संथ ढकलणारी ओढ जाते, जिच्यासाठी बुलेट घेतली जाते. पण तिथे एक सोय आहे. कॅम काढून जुना पुन्हा बसवता येतो.

घासलेला ब्लॉक पुन्हा न घासलेला होत नाही. आरएक्सच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची झाली आहे. सुरुवातीच्या गाड्यांतले जपानमध्ये बनलेले ब्लॉक आता सहज मिळत नाहीत. बोअर घिसला तर बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकता येतो, पण पोर्टचा उडालेला काठ भरून काढणं हे सोपं काम नाही. कानस उचलण्याआधी ‘कुठे’ हा प्रश्न नीट विचारायला हवा, तो यासाठीच.

मग रस्त्यावरच्या माणसाला पॉवर कुठे हवी असते? रोज गाडी वापरणाऱ्याला कात्रजच्या किंवा आंबा घाटाच्या चढाला, वळणातून बाहेर पडताना, ट्रकच्या मागून निघून पुढे जाताना. यातलं जवळपास सगळं ३,००० ते ६,५०० मध्ये घडतं. आरएक्सची कीर्तीही ९,००० आरपीएमवर मिळवलेली नाही. हलकं वजन आणि मधल्या टप्प्यातली तडफ यांनी ती मिळवली. म्हणून रस्त्यासाठी एग्झॉस्टच्या काठाला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हात लावायच्या जागा दुसऱ्या आहेत, आणि त्यांत काम करणाऱ्याला खरा आनंद आहे.

आधी इंजिन कारखान्यातून निघालं तेव्हा होतं तिथे तरी आणा. तीस-चाळीस वर्षांच्या इंजिनात ‘वाढलेली’ म्हणून जी पॉवर वाटते, तिचा मोठा भाग मुळात हरवलेली पॉवर परत मिळाल्याचा असतो. रीडच्या पाकळ्या काढून उजेडासमोर धरा. पाकळी आणि तिची बैठक यांच्यात प्रकाशाची फट दिसली तर तिथून मिश्रण उलट कार्ब्युरेटरकडे जातं, आणि खालचा सगळा पिकअप तिथेच गळतो. क्रँकची ऑइल सील बघा. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. सील कडक होऊन चिरलं की तो पंप बाहेरची हवा ओढतो, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. लोक तेलाला, पेट्रोलला दोष देत बसतात. मग ब्लॉक आणि क्रँककेस जिथे एकमेकांवर बसतात तो जोड बघा. पॅकिंग ठेवून दोन्हीकडच्या ट्रान्सफरच्या वाटा जुळतात का? पुष्कळदा ओतकामातली एक पायरी राहिलेली असते, किंवा पॅकिंगचा कागदच वाटेत आलेला असतो. ती पायरी घासून वाट सलग केली, पॅकिंग मापात कापलं, तर काठाची उंची न बदलता, म्हणजे वेळ न बदलता, त्याच वेळात जास्त मिश्रण वर जातं. पॉवर न सरकवता थोडी वाढवणारी जी मोजकी कामं आहेत, त्यांतलं हे एक. वाटा आरशासारख्या चकचकीत करण्यात मात्र अर्थ नाही. आकार सलग असला पाहिजे, चमक नसली तरी चालते.

हेडच्या बाबतीत सावध राहावं. लेथवर थोडं कातून दाब वाढवला की सगळ्याच आरपीएमला गाडी तरतरीत होते, म्हणून हे काम सोपं आणि लोकप्रिय आहे. पण पिस्टन आणि हेड यांच्यात कडेला किती फट उरली ते मोजल्याशिवाय इंजिन चालू करू नये. मोजायची रीत साधी आहे: सोल्डरिंगची जाड तार प्लगच्या भोकातून बोअरच्या भिंतीला टेकेपर्यंत घालायची, मॅग्नेटकडून क्रँक हातानं एकदा माथ्यापलीकडे फिरवायचा, आणि चेपलेलं टोक व्हर्निअरनं मोजायचं. तार पिस्टन पिनच्या रेषेत घालावी, नाहीतर पिस्टन कलतो आणि माप खोटं येतं. फट फार कमी तर धातू धातूला लागतो. फार जास्त तर कडेचं मिश्रण उशिरा आणि नको तसं पेटतं, आणि इंजिन ठोकायला लागतं. जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता, आणि पंख तर तेवढेच आहेत. आता पेट्रोलही बदललं. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जळायला हवा कमी लागते: साध्या पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग, तर याला सुमारे साडेतेरा. म्हणजे जुन्या जेटवर तेच इंजिन आठेक टक्के पातळ मिश्रणावर चालतं. कोल्हापूर-सांगलीच्या उसातून निघालेलं इथेनॉल तिथल्याच आरएक्सच्या मेन जेटचा आकार बदलायला लावतं आहे. जेट एक-दोन नंबर मोठा करून, गाडी पूर्ण थ्रॉटलवर चालवून, तिथेच क्लच दाबून इंजिन बंद करावं आणि प्लग काढून बघावा. पांढरट निघाला तर अजून मोठा जेट. हेड कातलेल्या इंजिनात हे टाळलं, तर पिस्टनच्या माथ्याला भोक पडायला फार दिवस लागत नाहीत.

एवढं सगळं होऊनही एखाद्याला वरचीच पॉवर हवी असेल, त्याला ट्रॅकवर, मातीच्या रेसला गाडी न्यायची असेल, तर त्याची हौस खरी आहे आणि ती पुरी व्हावी. पण मूळ ब्लॉक बाजूला ठेवून दुसरा मिळवावा. आणि त्याही ब्लॉकला कानस लावण्याआधी एक प्रयोग करावा. क्रँकला अंशांची चकती लावून आत्ताचं टायमिंग लिहून घ्यायचं. मग ब्लॉकखाली नेहमीच्या पॅकिंगसोबत अर्ध्या मिलिमीटरची ॲल्युमिनियमची प्लेट घालायची. सगळा ब्लॉकच अर्धा मिलिमीटर उचलला जातो, त्याच्याबरोबर सगळे काठ. एग्झॉस्टचा उघडा काळ सव्वादोन अंशांच्या आसपास वाढतो आणि ट्रान्सफरचा साधारण तीन, कारण खालच्या बाजूला पिस्टन सावकाश चालतो आणि तेवढ्याच उंचीला जास्त अंश लागतात. त्यामुळे दाब उतरायचा तुकडा किंचित आखडतो; म्हणजे हा एग्झॉस्ट घासण्याचा हुबेहूब नमुना नाही, पण इंजिन वर सरकलं की गाडी कशी वागते याची चव देणारा आहे. हेडची फट अर्ध्या मिलिमीटरनं वाढते, म्हणून एक जादा हेड तेवढं कातून वापरायचं. आणि मग महिनाभर गाडी जिथे चालवायची तिथेच चालवायची: तोच चढ, तेच वळण, मागे तोच माणूस. कुठल्या वळणानंतर आता खालचा गिअर टाकावा लागतो ते बघायचं. पहिल्यापेक्षा जास्त वेळा टाकावा लागत असेल आणि ते नको असेल, तर चार नट सोडून प्लेट काढायची, जुनं हेड बसवायचं. हवंसं वाटलं, तर चकतीवर लिहिलेल्या आकड्यांवरून पुढचा अर्धा मिलिमीटर ठरवायचा, आणि तोही पुन्हा प्लेटनंच.